कूपमंडूक आणि वृक्षमंडूक

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत लाविला आहे. अशा गांवीं बसून साहित्याचा एक जुना दोष दाखविणें अप्रशस्त दिसेल. परंतु तो आमच्या ध्यानांत आला तो येथेंच, एका स्नेह्यांच्या परसांतील हौदापाशीं.

पावसाळ्याचे दिवस होते. हौदाच्या भिंतीवर, पाण्याच्या हातभर वर, साबणाच्या फेसासारखा एक पांढरट गोळा चिकटलेला होता. आणि शेजारच्या पेरूच्या फांदीला एक पिंगट बेडूक बोटांच्या टोंकांवरील चकत्यांनीं बिलगून बसला होता. वृक्षमंडूकाची ही जात विदर्भासह दक्षिणेंत दूरवर आढळते. १८३० सालीं ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें तिचें वर्णन केलें. मादी अंड्यांबरोबर स्रवणारा द्रव मागच्या पायांनीं घुसळून त्याचा फेस करिते. आंतील पिलें कांहीं दिवसांनीं खालच्या पाण्यांत गळून पडतात. तेव्हां झाड किंवा भिंत असून भागत नाहीं, तिच्या बरोबर खालीं पाणीहि असावें लागतें. सह्याद्रीच्या ओल्या अरण्यांतील याचा हिरवा भाऊबंद तर बोटांमधील पडदे पसरून झाडावरून तरंगत उतरतो.

आतां आमचें वाङ्मय पाहावें. संस्कृतानें 'कूपमंडूक' दिला, मराठीनें 'डबक्यांतला बेडूक'. दोन्ही शब्द अल्पज्ञास हिणविण्यापुरते. व्याकरणकारांनीं निदान त्याची उडी पाहिली व 'मंडूकप्लुति' हा न्याय बसविला! कवींना बहुधा पावसाच्या वर्णनांत त्याचा आवाज तेवढा पुरला. याला मोठा अपवाद ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील मंडूकसूक्ताचा. तेथील ऋषि कोणाचा आवाज गाईसारखा, कोणाचा बोकडासारखा, कोण ठिपकेदार, कोण हिरवा, हें वेगवेगळें सांगतो. मॅक्समुल्लरनें या सूक्तांत ऋत्विजांचें विडंबन पाहिलें. आम्हांस तें पटत नाहीं. नुसती थट्टा करणारा इतके रंग आणि आवाज कशाला निवडीत बसेल? त्या ऋषीनें बेडूक पाहिला होता. पुढच्यांनीं शब्द पाहिला.

आणि आम्हीं तरी काय केलें? तीस वर्षें वर्गांत 'कूपमंडूक' समजावून दिला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गड्यानें बुरशी समजून तो गोळा खराट्यानें खरवडून काढला, तेव्हां आम्ही ओसरीवर चहा घेत होतों. तो काय होता हें आम्हांस पुढें मुंबईस परतल्यावर पुस्तकांत कळलें.