समजूत न काढणारी गाणी

घरात मृत्यू झाला की भेटायला येणारी माणसं काही ना काही बोलतात. काळ हेच औषध, सुटले बिचारे, आता तुम्हीच धीर धरायला हवा. चित्रपटातलं दुःखाचं गाणंही पुष्कळदा असंच बोलतं. सूर चढतो, वाद्यमेळ दाटून येतो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत समजूत पटलेली असते. मोठ्या कंपनीच्या पैशावाचून, स्वतःच्या किंवा एखाद्या छोट्या लेबलवर काम करणाऱ्या संगीतकारांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शोकाचे जे अल्बम केले, ते समजूत काढायला जात नाहीत. आणि वाईट दिवसांत सोबत होते ती त्यांचीच.

यातला सर्वांत कठोर आणि माझ्या मते सर्वांत थोर अल्बम फिल एल्व्हरमचा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ॲनाकॉर्टिस या किनाऱ्यावरच्या गावातला तो ‘माउंट इरी’ या नावाने गातो. त्याची पत्नी जेनेव्हिएव्ह कास्त्रे चित्रकथा काढायची, गायचीही. २०१५ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि चारच महिन्यांनी जेनेव्हिएव्हला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं कळलं. ९ जुलै २०१६ रोजी ती गेली. ज्या खोलीत ती गेली त्याच खोलीत एल्व्हरमने लॅपटॉप आणि मायक्रोफोन मांडला आणि बहुतेक तिचीच वाद्यं वापरून अकरा गाणी ध्वनिमुद्रित केली. मार्च २०१७ मध्ये त्याच्या स्वतःच्या लेबलवर ‘अ क्रो लुक्ड ॲट मी’ आला.

पहिल्याच गाण्यात, ती गेल्यानंतर आठवड्याभराने तिच्या नावाचं पार्सल येतं. आत मुलीसाठी शाळेचं दप्तर असतं. मुलगी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची. आपण नसताना ती शाळेत जाईल, हे ओळखून आईने ते गुपचूप मागवून ठेवलेलं. गाणं हे सांगतं आणि थांबतं. ध्रुवपद नाही, उपमा नाही, मृत्यूने काही शिकवलं असा दावा तर नाहीच. आवाज बोलण्याच्या इतका जवळचा की गिटार नसती तर गाणं म्हणवलं नसतं. ओळ चालीत बसत नसेल तर इथे ओळ छाटली जात नाही, चाल वाकते. हा अडाणीपणा नाही, विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. ज्याच्या घरी माणूस गेलं आहे त्याचे पहिले काही आठवडे उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, बँकेचे कागद आणि गेलेल्याच्या नावाने येत राहणारं टपाल यांतच जातात. या गाण्यांना ते ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘नाऊ ओन्ली’मध्ये तर ही मृत्यूची गाणी संगीत महोत्सवातल्या तरुण गर्दीपुढे गावी लागतात तेव्हा काय वाटतं, हेही त्याने गायलं आहे.

सुफियान स्टीव्हन्सचा ‘कॅरी अँड लोवेल’ (२०१५) ऐकायला सोपा आणि म्हणूनच जास्त लोकांपर्यंत पोचलेला. आई कॅरी त्याला वर्षाचा असताना सोडून गेली होती. मानसिक आजार, व्यसनं, मधले ऑरेगनमधले दोन-चार उन्हाळे, आणि २०१२ मध्ये तिचा मृत्यू. जी आई धड मिळालीच नाही तिचा शोक करायचा तरी कसा, हा या अल्बमचा प्रश्न आहे आणि त्यावर आपल्या घरांत कुणी बोलत नाही. २००५ च्या ‘इलिनॉय’मध्ये वाद्यांची दाटी करणारा हाच माणूस इथे गिटार, बँजो आणि कुजबुजीवर आला. काही भाग तर हॉटेलच्या खोलीत फोनवर ध्वनिमुद्रित केलेला आहे. हा अल्बम ज्या लेबलवर आला ते लेबल त्याने आणि सावत्र वडील लोवेल यांनी मिळून काढलेलं. माझी एकच तक्रार आहे: आवाज इतका गोड, इतका तलम की कधीकधी दुखणंही गुळगुळीत होतं.

गायक निक केव्हबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. ‘स्केलेटन ट्री’ (२०१६) हा त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या अपघाती मृत्यूचा अल्बम म्हणून ऐकला जातो. प्रत्यक्षात यातली बरीच गाणी जुलै २०१५ च्या त्या अपघाताआधीच लिहून झाली होती. म्हणजे शोक काही अंशी आपण ऐकणारेच त्यात ओतत असतो. खऱ्या अर्थाने मुलाच्या पश्चात लिहिलेला अल्बम म्हणजे २०१९ चा ‘घोस्टीन’.

विल्यम बसिन्स्कीच्या ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’मध्ये शब्दच नाहीत. १९८० च्या दशकातल्या आपल्या जुन्या टेप तो २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डिजिटल स्वरूपात उतरवून घेत होता. टेप फिरत राहिली तसा तिच्यावरचा लोहाच्या ऑक्साइडचा थर सुटून गळू लागला. त्याने यंत्र बंद केलं नाही. एकच छोटी धून तासभर फिरते, आणि दर फेरीला तिच्यातला एखादा कण कमी होतो. हे काम हातावेगळं होतं आहे तोवर ११ सप्टेंबर उजाडला. त्या संध्याकाळी घराच्या गच्चीवरून त्याने पलीकडच्या कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांचा धूर चित्रित केला आणि पुढे या संगीताला जोडला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा मामा गेला तेव्हा मला भजन ऐकवेना, बातम्या ऐकवेनात. शब्दच नको झाले होते. हे एक ऐकवलं. एखादी गोष्ट संपत असताना तिच्याजवळ बसून राहता येतं, हे त्यात होतं.

असं संगीत गरज असेल तेव्हा सापडतं का? कलाकृती उत्तम होत आहेत, वाटा मात्र बुजत चालल्या आहेत. स्ट्रीमिंग ॲपवर दुःख हा ‘मूड’ झाला आहे. एल्व्हरमचं एक गाणं पावसाच्या आवाजाशेजारी लागतं आणि अल्बम फुटतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. याउलट २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवर अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. एकावर बोट ठेवलं की त्या अनोळखी माणसाचा सगळा संग्रह उघडतो, एखाद्या अल्बमखाली त्याने लिहिलेल्या दोन ओळीही. मला बसिन्स्की असाच भेटला. महामारीत, २० मार्च २०२० रोजी, बँडकॅम्पने एक दिवस आपला वाटा सोडला आणि त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. पुढे २०२२ मध्ये ही कंपनी विकली गेली, २०२३ मध्ये पुन्हा विकली गेली आणि जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली.

आपल्याकडे शोकाची स्वतंत्र गाणी आहेत ती रॅपमध्ये, आणि ती सार्वजनिक शोकाची आहेत. काश्मीरच्या अहमरचा ‘लिटल किड, बिग ड्रीम्स’ २०१९ चा. त्याच वर्षी मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटाने आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांना घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ केलं आणि ऑक्टोबरमध्ये आरेतली दोन हजारांवर झाडं पाडली गेली. घरातल्या शोकाचं गाणं मात्र मराठीला नवं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्यांत गेलेल्या आईबापांच्या ओव्या आहेत. पहाटे दळताना रचलेल्या, समोर श्रोता नसताना. आज खोलीत बसून एका मायक्रोफोनवर गाणं करणाऱ्या मराठी मुलामुलींनी त्या ऐकाव्यात. आणि आपण श्रोत्यांनी, वाईट दिवसांत जो अल्बम कामी आला तो पैसे देऊन विकत घ्यावा, आणि त्याच्याखाली दोन ओळी लिहाव्यात. त्या वाचून तिथवर पोचणारं कुणीतरी असतंच.