पुसलेल्या पृथ्व्या

चित्रकथा म्हटली की आपल्याकडचे शहाणेसुरते वाचक नाक मुरडतात. अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून आकाशात उडणाऱ्या वीरांच्या कथा तर निव्वळ पोरखेळ समजल्या जातात. वर्गात अशी पुस्तके सापडली की मीही ती जप्त करतो. पण जप्त केलेले पुस्तक मास्तरांनी वाचू नये, असा काही नियम नाही! त्या वाचनातून माझे एक मत झाले आहे, ते दिवाळीच्या निवांतपणात वाचकांपुढे ठेवतो.

‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’, म्हणजे अगणित पृथ्व्यांवरचे अरिष्ट, ही बारा अंकांची मालिका अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १९८५-८६ साली काढली. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. तिची थोरवी कळायची तर थोडे मागे जायला हवे.

१९४० साली गार्डनर फॉक्स या लेखकाने वाऱ्याच्या वेगाने धावणारा ‘फ्लॅश’ निर्माण केला. त्याचे नाव जे गॅरिक. १९४९ साली त्याचे मासिक बंद पडले. १९५६ साली त्याच नावाचा नवा फ्लॅश आला, बॅरी अ‍ॅलन. हा बॅरी जुन्या फ्लॅशच्या चित्रकथा आवडीने वाचणारा! मग १९६१ साली फॉक्स यांनीच एक नामी युक्ती काढली. अनाथ मुलांपुढे दोराचा खेळ करताना बॅरी आपल्या अंगाची कंपने इतकी वाढवतो की तो तेथून गुप्त होतो आणि दुसऱ्याच पृथ्वीवर उतरतो. तेथे जे गॅरिक हाडामांसाचा आहे, संसारी आहे, वयस्कर झाला आहे. दोन्ही पृथ्व्या एकाच जागी आहेत; भेद फक्त कंपनांचा. मग बॅरीच्या जगातल्या लेखकाला जे गॅरिक कसा ठाऊक? तर फॉक्स यांना ती दुसरी पृथ्वी झोपेत दिसत असावी, असा तर्क कथेतच केला आहे.

आपल्याला यात फारसे नवल वाटू नये. योगवासिष्ठातल्या लीला राणीला सरस्वतीच्या कृपेने दिसते की आपले अवघे राज्य एका ब्राह्मणाच्या झोपडीत सामावले आहे. मला अप्रूप आहे ते फॉक्स यांच्या सौजन्याचे. नव्या वीराला जागा करून देण्यासाठी त्यांनी जुन्याला खोटे ठरवले नाही. त्याला स्वतंत्र घर बांधून दिले.

पुढे अशी घरे फार झाली. पृथ्वीमागून पृथ्वी निघाली, आणि नवा वाचक गोंधळतो असे संस्थेला वाटू लागले. पन्नाशीच्या सुमारास तिने घर आवरायला काढले. त्या आवराआवरीचे नाव ‘क्रायसिस’.

प्रतिद्रव्याची एक पांढरी लाट विश्वामागून विश्व गिळत येते. पहिल्याच अंकात एका पृथ्वीवरचा एकमेव सज्जन वीर, लूथर, आपल्या तान्ह्या मुलाला दुसऱ्या विश्वात धाडतो आणि पत्नीसह मरण पत्करतो. सुपरमॅनच्या जन्मकथेचे हे प्रतिबिंब मनाला चटका लावते. सातव्या अंकात सुपरगर्ल भावासाठी प्राण देते. आठव्यात बॅरी अ‍ॅलन शत्रूची तोफ निकामी करण्यासाठी इतका धावतो की त्याचे शरीर झिजून नाहीसे होते. मागे उरतो रिकामा पोशाख. पेरेझ यांच्या एकेका पानावर पात्रांची जत्रा भरलेली असते, पण प्रत्येक चेहरा वेगळा ओळखू येतो. हे कसब सोपे नव्हे.

मात्र या मृत्यूंहून मला अकरावा अंक मोठा वाटतो. आता एकच पृथ्वी उरली आहे. जुन्या पृथ्वीवरचा केस पिकलेला सुपरमॅन, १९३८ सालापासूनचा मूळ पुरुष, जागा होतो तर त्याचे घर नाही, पत्नी नाही, त्याला ओळखणारे गाव नाही. ती मेली असती तर त्याला रडता आले असते. पण ती कधी नव्हतीच, असे जग त्याला सांगते. त्याच्या जोडीला तशीच बेघर झालेली हंट्रेस आणि मोठा झालेला रॉबिन आहेत. शेवटच्या अंकात ती दोघे मारली जातात. सुपरमॅनला त्याची पत्नी परत मिळते, पण ती जगाबाहेरच्या जगात.

इथे माझा आक्षेप आहे. पात्राला मारण्याचा लेखकाला अधिकार आहे. कादंबरीकार म्हणून मीही तो वापरला आहे. मृत्यूने पात्राचे आयुष्य पुरे होते. परंतु ते पात्र जन्मलेच नव्हते असे ठरवणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात वाचकाने ढाळलेले अश्रूही खोटे ठरतात. सुपरगर्लने ज्या जगासाठी प्राण दिले, त्या जगात पुढे तिची आठवणही उरली नाही! मला तर हा कृतघ्नपणा वाटतो. आणि याची टोचणी लेखकालाही असावी. एरवी शेवटच्या पानावर सारे आठवणारा सायको पायरेट वेड्यांच्या इस्पितळात बांधून ठेवलेला त्यांनी दाखवला नसता. त्या एका पानावर वुल्फमन यांनी संस्थेचे काम चोख केले आणि आपली साक्षही नोंदवून ठेवली.

पुसलेले मात्र पुसले गेले नाही. २००४ साली सुपरगर्ल परतली, २००७ साली बावन्न विश्वे परतली, २००८ साली बॅरी अ‍ॅलनही परतला. यात धंद्याचा हिशेब असेलच. पण ज्यांनी लहानपणी त्या कथांवर जीव लावला, तेच पुढे लेखक होऊन त्या लिहू लागले, हेही तितकेच खरे.

तेव्हा पालकांना एवढेच सुचवतो. मुलांच्या हाती ही मालिका दिसली तर हिसकावून घेऊ नका. त्यांची झाली की मागून घ्या आणि अकरावा अंक सावकाश वाचा.