कर्ता हरवलेलं गद्य

मराठीत सगळ्यांत नेमानं प्रसिद्ध होणारा गद्यप्रकार कोणता, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, परिपत्रक. गेली काही वर्षं मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. त्यामुळे कथा-कवितांइतकीच परिपत्रकंही वाचतो. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ येते, खाली 'नोंद घ्यावी' एवढंच लिहिलेलं असतं, आणि मग हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. इतक्या लोकांपर्यंत इतक्या झपाट्यानं पोचणाऱ्या या गद्याची समीक्षा मात्र कुणी करत नाही. ती करून पाहू.

आधी रूपबंध. वर जावक क्रमांक आणि दिनांक. मग 'विषय', म्हणजे कथानकाचा शेवट पहिल्याच ओळीत. मग 'संदर्भ', आधीच्या पत्रांची यादी. प्रत्येक परिपत्रक हा आधीच्या कुठल्या तरी परिपत्रकाचा पुढचा भाग असतो. मूळ कागद शोधायला जावं तर तिथेही एक संदर्भ टाकलेला असतो. मजकूर बहुधा एकाच वाक्याचा. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून निघालेली गाडी 'असून', 'असल्याने', 'सबब' अशी स्टेशनं घेत आठ-नऊ ओळींनी 'याची नोंद घ्यावी' पाशी थांबते. खाली सही, आणि त्याखाली 'प्रत माहितीस्तव'.

एक नमुना घेऊ. हा कुठल्याही एका विद्यापीठाचा नाही. वाचून वाचून जी चाल कानात बसली, तिच्यावर मीच रचलेला आहे.

'सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांकडून विहित नमुन्यातील माहिती वेळोवेळी मागविण्यात आली होती. तथापि, सदर माहिती अद्याप अप्राप्त असून ही बाब गंभीर आहे. सबब, माहिती आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत सादर करण्यात यावी. अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल.'

माहिती कुणी मागवली? वाक्य सांगत नाही. बाब गंभीर आहे हे कुणी ठरवलं? तेही नाही. '-ण्यात आली', '-ण्यात यावी' या रचनेत क्रिया आपोआप घडते, पाऊस पडावा तशी. शेवटच्या वाक्यात मात्र अचानक एक माणूस अवतरतो: 'आपण', आणि तोही 'व्यक्तिशः'. सबंध मजकुरात हाडामांसाची एकच व्यक्ती आहे, आणि ती आरोपी आहे. माझी या गद्याबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. ते रुक्ष आहे, अवघड आहे, या तक्रारी किरकोळ. हुकूम सोडणारा कर्ता त्यातून गायब केलेला असतो आणि हुकूम पाळणारा कर्ता ठळक केलेला असतो.

हीच गोष्ट काळाची. शिक्षकानं द्यायच्या माहितीला 'आज सायंकाळी ५' अशी घड्याळातली वेळ असते. तासिकांच्या पैशांचा विषय निघाला की भाषा बदलते: 'अनुदान प्राप्त झाल्यानंतर मानधन अदा करण्यात येईल.' अनुदान कोण आणणार, कधी आणणार, नाही आलं तर काय, यातलं काहीच वाक्यात नाही. तरी घरभाडं मात्र महिन्याच्या महिन्याला भरावं लागतं. आणि 'मानधन' हा शब्द पाहा. वेतन थकलं तर हक्क बुडाला असं म्हणता येतं. मानाचं धन उशिरा आलं तर तक्रार करणाराच हावरा दिसतो. नेट-सेट करून रांगेत उभ्या असलेल्या आपल्या पिढीनं हा एक शब्द तरी नीट तपासायला हवा.

स्मरणपत्र हा याच घराण्यातला उपप्रकार. 'स्मरणपत्र क्र. १', 'स्मरणपत्र क्र. २', मग 'अंतिम स्मरणपत्र'. प्रत्येक पायरीवर आवाज चढतो. पण आठवण करून देण्याचा हा अधिकार एकाच दिशेनं चालतो. खालून वर जाणाऱ्या कागदाला स्मरणपत्र म्हणायची पद्धत नाही. तो 'विनंती अर्ज' असतो, त्याची सुरुवात 'सविनय' असते आणि शेवट 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' असा असतो. तीन महिन्यांचे पैसे मागणाऱ्यानं सहानुभूती मागायची, हे आपण अर्जाचा नमुना म्हणून पाठ केलेलं आहे.

आता दुसरी बाजू. निर्वैयक्तिक भाषेला तिचं कारण आहे. हुकूम व्यक्तीचा नसून पदाचा असतो. अधिकारी बदलला तरी तो टिकावा लागतो. प्राचार्यांनी 'मला वाटतं' म्हणून लिहायला सुरुवात केली तर संस्था त्यांच्या मर्जीवर चालू लागेल, आणि मर्जीचा कारभार परिपत्रकाहून वाईट. शिवाय उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर 'विहित' आणि 'अद्याप' हे कंटाळवाणे शब्दच कामाला येतात. पण पदाची भाषा म्हणजे कर्त्याला लपवणं नव्हे. शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं लिहिलेलं असतं. संविधानाच्या अनुच्छेद १६६ नुसार राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावानंच व्यक्त करावी लागते. ही औपचारिकता आहे, हे मान्य. तरी हुकूम कुणाच्या नावानं निघाला हे कागदावर असायला हवं, एवढं भान त्यात आहे.

या भाषेचा इतिहास आठवला की जास्त वाईट वाटतं. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तो फारसी शब्दांना आपले प्रतिशब्द देण्यासाठी. संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झालं, आणि मग १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला. यामागे एक साधं स्वप्न होतं: सरकारी कागद हातात पडला की मराठी माणसाला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये. शब्द मराठी झाले. वाक्याची बैठक मात्र साहेबाच्या इंग्रजी नोटिशीचीच राहिली. म्हणून आज मराठीत एमए केलेली माणसंही मराठी परिपत्रक वाचून एकमेकांना विचारतात, 'म्हणजे नक्की करायचं काय?'

यात खरं नुकसान कुठे होतं ते धोरणांची आठवण देणाऱ्या परिपत्रकांत दिसतं. लैंगिक छळाविरुद्धच्या नियमांचं उदाहरण घ्या. ठरावीक साच्यातलं वाक्य असं: 'शासनाच्या निर्देशानुसार अंतर्गत तक्रार समिती गठित करण्यात आली असून सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.' या वाक्यानं कार्यालयाचं काम झालं. फाइलला कागद लागला. पण वसतिगृहात रात्री हा मेसेज वाचणाऱ्या मुलीला यातून काय मिळालं? २०१३ च्या कायद्यात सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे: घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार, चौकशी ९० दिवसांत पूर्ण, समितीच्या अध्यक्षपदी महिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी हे संरक्षण विद्यार्थ्यांपर्यंत आणलं. म्हणजे कायद्याच्या भाषेत माणसं आहेत, दिवस आहेत. परिपत्रकात उतरताना दोन्ही गळून पडतात.

तेच परिपत्रक असंही लिहिता येतं: 'तुमच्याशी कुणी लैंगिक गैरवर्तन केलं असेल तर आमच्या अंतर्गत तक्रार समितीकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करा. लिहिणं जमत नसेल तर समिती मदत करेल. अध्यक्षांचं नाव, खोली आणि फोन खाली दिला आहे. समिती ९० दिवसांत चौकशी पूर्ण करेल. तुमचं नाव गुप्त ठेवणं ही आमची जबाबदारी आहे.' यातला एकही शब्द कायद्याबाहेरचा नाही. फरक एवढाच, की 'करेल' या क्रियापदाला आता मालक आहे. आणि मालक असला की त्याला ९१ व्या दिवशी जाब विचारता येतो. मालक टाळला जातो तो बहुधा याच भीतीनं, असा मला दाट संशय आहे.

कार्यालयाला स्वतःवर मुदत घालून घेणं अशक्य असतं असंही नाही. महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा आणि दप्तरदिरंगाईचा कायदा सांगतो की शासकीय कर्मचाऱ्याकडे कुठलीही फाइल सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. विद्यापीठाच्या प्रत्येक परिपत्रकात शिक्षकाच्या मुदतीखाली कार्यालयाचीही एक मुदत छापली, तर या गद्याचा सूर एका ओळीत बदलेल.

आमच्या व्यावहारिक मराठीच्या तासाला परिपत्रकाचा नमुना शिकवला जातो: डावीकडे काय, उजवीकडे काय, समास किती. मुलं तो हुबेहूब उतरवतात आणि गुण मिळवतात. मी हल्ली त्यांना नमुना उतरवून झाल्यावर पेन्सिल घ्यायला सांगतो. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि समासात लिहायचं: कोण? कधीपर्यंत? नाही केलं तर दाद कुणाकडे? जिथे उत्तर सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह. पहिल्याच दिवशी बहुतेकांचा समास प्रश्नचिन्हांनी भरला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, 'सर, हे असंच ऑफिसला परत पाठवलं तर चालेल का?' चालेल, मी म्हटलं. फक्त वर 'स्मरणपत्र क्र. १' असं लिही.