नायकाविना कादंबरी

क्रूझची माहितीपत्रकं मी कादंबरीसारखी चवीनं वाचतो. हातातल्या पत्रकात ग्रीसचं सान्तोरिनी आहे: पांढरी घरं, निळे घुमट, सूर्यास्त. नायक तेवढा बेपत्ता! जहाज जिथं थांबतं ते पाणी म्हणजे ज्वालामुखीचंच खचलेलं तोंड, हे लेखक सांगतच नाही. पुढच्या पानावर न्यूझीलंड. तिथल्या व्हाकारी बेटाची तर 'जिवंत ज्वालामुखी' हीच जाहिरात असे. नोव्हेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथली धोक्याची पातळी वाढवली. सहली चालूच राहिल्या. ९ डिसेंबरला स्फोट झाला. बेटावरच्या ४७ जणांपैकी २२ दगावले. बरेचसे एकाच क्रूझवरून उतरलेले. विशेषणं हवी तितकी वापरा हो. पण चहाची वेळ छापता, तिथंच डोंगराला वेळापत्रक नसतं, एवढंही छापा!