‘पक्षिकोशा’च्या निमित्तानें

शेलेची चंडोलावरील कविता आमची पिढी वर्गांत शिकली आणि पुढें त्याच तन्मयतेनें मुलांना शिकवूं लागली. परंतु पूर्णेकांठच्या काळ्या रानांत मृगाच्या सुमारास तसाच गात गात वर चढणारा आपला चंडोल आमच्यापैकीं किती जणांनीं मान वर करून पाहिला असेल? मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ (२००२) चाळतांना प्रथम जाणवते ती ही शरम. ग्रंथकार १८ जून २०२५ रोजीं निवर्तले. गौरवपर लेखांचा पूर ओसरल्यावर ग्रंथाचें शांतपणें परीक्षण करण्यास हरकत नसावी.

सलीम अली यांनीं १९३१ सालीं निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी आरंभिली, तेव्हां हा परभणी जिल्हा त्याच राज्यांत होता. तिचा वृत्तांत इंग्रजींत निघाला; १९४१ सालचें त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तकही इंग्रजींतच. पिसांचा रंग, आकार, घरटें यांची माहिती तींत नेमकी आहे. पण ज्या गुराख्याला तो पक्षी रोज दिसतो, त्याची भाषा तेथें कोठून असणार? चितमपल्लींचें मोठेपण येथें आहे. वनखात्याच्या चाकरींत त्यांनीं रानांतल्या माणसांच्या तोंडचीं नांवें गोळा केलीं, तीं संस्कृत ग्रंथांशीं ताडून पाहिलीं, आणि जेथें शब्दच नव्हता तेथें तो घडविला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीस ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’ हे शब्द त्यांचे. पूर्णेवरील भोयाच्या तोंडीं ते बसतील असें मला वाटत नाहीं. ते जरा पंडिती आहेत. तथापि खालीं घाण होते म्हणून बगळ्यांनीं भरलेली चिंच गांवकरी तोडावयास निघतात, तेव्हां नुसतें ‘बगळ्यांचें झाड’ सहज पडतें. ‘सारंगागार’ पाडण्यापूर्वीं पंचायतीला निदान अर्थ तरी विचारावा लागेल.

दोष सांगावयाचा तर एकच. चितमपल्लींच्या लेखनांत लोकसमजूत आणि प्रत्यक्ष निरीक्षण एकाच ओघांत, एकाच गोड स्वरांत येतात. कोणतें ऐकलेलें आणि कोणतें पाहिलेलें, हें सामान्य वाचकास नेहमींच उमगत नाहीं. कथेंत हें शोभतें, कोशांत शोभत नाहीं.

दुसरी उणीव कोशाची नव्हे, आपली. वेडा राघू आणि कोतवाल जगतात किड्यांवर. दाणे टिपणारी सुगरणसुद्धां पिलांना किडेच भरविते. त्या किड्यांचीं नांवें कोण सांगणार? आपल्या शेतकऱ्यास मावा, तुडतुडे, बोंडअळी हीं नांवें पाठ आहेत, कारण त्यांनीं त्याचें नुकसान केलें. माव्यावर उपजीविका करणारा ढालकिडा मात्र त्याच फवाऱ्याखालीं मरतो. उपद्रवानेंच ज्यांची ओळख पटते, त्यांच्यांत मित्र ओळखावा कसा? मराठींत कीटकांचा असा रसाळ कोश लिहिणारा कोणी निघेल काय?

पहिल्या पावसानंतर पूर्णेच्या बांधांवर लाल मखमलीचा मृगाचा किडा फिरूं लागतो. त्याला पाय आठ. शास्त्राच्या दृष्टीनें तो कीटकच नव्हे, कोळ्याच्या गोत्रांतला. पोरें त्याला तळहातावर घेतात, आगपेटींत ठेवतात. त्याला नांव आहे, नक्षत्राचें आहे. आणि त्याच्यावर औषध मारावयास कोणी निघालेला मीं अद्याप पाहिला नाहीं.