धुरांडे कोठे, हिशेब कोणाचा?

एखादे राज्य दरवर्षी किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते, याचे तक्ते आता मिळू लागले आहेत. जीएचजी प्लॅटफॉर्म इंडिया या संस्थासमूहाने 2005 पासूनच्या वर्षांसाठी राज्यवार अंदाज प्रसिद्ध केले आहेत. काम कष्टाचे आहे, शिक्षकांनी ते जरूर पाहावे. मात्र अशा तक्त्यांवरून राज्यांना स्वच्छ आणि मळके ठरवले जाते, तेव्हा आम्हाला हरकत घ्यावीशी वाटते.

आधी पद्धत पाहू. कोळसा, खनिज तेल, वायू आणि वीज ही विकत मिळणारी, म्हणजे व्यापारी ऊर्जा. किती इंधन जळाले, त्यातून किती उष्णता मिळाली आणि त्या उष्णतेमागे किती वायू निघतो, यांचा गुणाकार केला की उत्तर मिळते. एक लिटर डिझेलमागे ते सुमारे 2.7 किलो येते. विद्यार्थ्यांना हे खोटे वाटते, कारण लिटरभर डिझेलचे वजन किलोभरही नसते. पण 12 ग्रॅम कार्बनचा 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. रसायनशास्त्र येथवर पक्के आहे. जळालेले इंधन कोणत्या राज्याच्या नावावर मांडायचे, हे मात्र रसायनशास्त्र सांगत नाही.

गोव्याचे उदाहरण घेऊ. तेथे कोळशावरचे मोठे सार्वजनिक वीजकेंद्र नाही. राज्याला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग एनटीपीसीच्या केंद्रांतून येतो आणि त्यांत छत्तीसगडमधील कोरबा व मध्य प्रदेशातील विंध्याचल ही प्रमुख आहेत. जेथे कोळसा जळतो तेथेच उत्सर्जन मांडायचे, असा तक्त्याचा नियम असतो. त्यामुळे पणजीतल्या हॉटेलातील वातानुकूलन यंत्राचा कार्बन छत्तीसगडच्या खात्यात पडतो. कोरब्याच्या लोकांनी राख सोसायची आणि वर दरडोई उत्सर्जनात राज्याचे नाव वरचे म्हणून बोलही ऐकायचे, हा कुठला न्याय? महाराष्ट्राच्या आतही हेच चालते. चंद्रपूर भागातून दिष्ट प्रवाहाची खास वाहिनी थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत गेली आहे.

मग सगळा भार वीज वापरणाऱ्यावर टाकावा काय? तसेही नाही. जुना संच किती कोळसा खातो, हे पणजीच्या ग्राहकाच्या हाती नसते. ते केंद्र चालवणाऱ्याच्या हाती असते. म्हणून आमच्या मते प्रत्येक राज्यासमोर दोन रकाने हवेत: राज्यात जाळलेल्या इंधनाचा एक आणि राज्यात वापरलेल्या विजेचा दुसरा. दोन्हींची बेरीज मात्र करू नये, तीच वीज दोनदा मोजली जाईल.

तेलाचा हिशेब विक्रीवरून होतो, तेथे वेगळीच गंमत घडते. गोवा सरकारने 2012 मध्ये पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर 0.1 टक्क्यावर आणला. त्या काळात सावंतवाडीच्या गाडीने सीमेपलीकडे टाकी भरली आणि ती कोल्हापूरपर्यंत धावली, तर धूर महाराष्ट्रात आणि नोंद गोव्यात!

सर्वांत खटकणारी गोष्ट चुलीची. लाकूडफाटा आणि गोवऱ्या व्यापारी ऊर्जेत येत नाहीत. त्यांचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत, कारण तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. झाडे पुन्हा वाढत असतील तेथे हे मान्य करता येते. पण परिणाम पाहा. एखाद्या घरी चूल जाऊन गॅस आला की 14.2 किलोच्या प्रत्येक सिलिंडरमागे राज्याच्या खात्यात सुमारे 42 किलोची भर पडते. घरातल्या बाईचा खोकला थांबला, याला त्या तक्त्यात जागाच नाही. उत्सर्जन वाढले एवढेच दिसते आणि भाषणांत त्याचा उल्लेख उधळपट्टी म्हणून होतो.

वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशातील ग्रिडच्या विजेमागे सरासरीने युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगावे. महिन्याला 100 युनिट असतील तर 70 किलो झाले. वाहिन्यांतली गळती वेगळी. मग भारताच्या नकाशावर आपल्या गावाला वीज देणारी केंद्रे शोधायला लावावीत आणि हे 70 किलो कोणत्या जिल्ह्यात लिहायचे, ते त्यांनाच ठरवू द्यावे. वर्गात दोन तट पडतील, पडू द्यावेत.