‘रोगप्रतिकारशक्ती’ : एका संज्ञेची चिकित्सा

मराठी आरोग्यविषयक लेखनात ‘रोगप्रतिकारशक्ती’ ही संज्ञा इतकी रूढ झाली आहे की, तिच्या घटकपदांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘शक्ती’ या पदासवे मराठीत ठराविक क्रियापदे येतात : शक्ती वाढते, घटते, कमावता येते. त्यामुळे ही एक साठवण्याजोगी राशी असून ती जितकी अधिक तितकी बरी, असा ग्रह ही संज्ञाच करून देते.

वस्तुस्थिती निराळी आहे. जंतुसंसर्ग होताच प्रथम भक्षकपेशी धावून येतात. मागाहून, काही दिवसांनी, लसीकापेशींचे कार्य प्रभावी होते. त्यांतील प्रत्येकीला एखादीच विशिष्ट खूण ओळखता येते. ओळख पटलेल्या पेशींची संख्या वाढते, प्रतिपिंडे निर्माण होतात आणि काही पेशी त्या ओळखीची स्मृती जपतात. फॅरो बेटांवर १७८१ नंतर थेट १८४६ साली गोवराची साथ आली. त्या वेळी धडधाकट तरुण आजारी पडले. परंतु १७८१ मध्ये गोवर येऊन गेलेले वृद्ध सुरक्षित राहिले, असे पानुम या डॅनिश वैद्याने नोंदविले. पासष्ट वर्षांत त्यांचे बळ ओसरले होते. टिकली ती ओळख.

ओळखीइतकाच संयमही महत्त्वाचा होय. आमवातात हीच यंत्रणा स्वतःच्या सांध्यांवर उलटते. तिला आवर घालणाऱ्या नियामक पेशींविषयीच्या शोधांबद्दल २०२५ चे नोबेल पारितोषिक ब्रंको, रॅम्सडेल व साकागुची यांना देण्यात आले. अशा रुग्णास वैद्य प्रतिकार दाबणारे औषध देतो, तेव्हा ‘शक्ती वाढवा’ हेच सतत वाचलेला रुग्ण गोंधळतो. प्रसंगी औषध सोडून काढ्याकडे वळतो. संज्ञेतील दोष येथे केवळ शब्दापुरता राहत नाही.

रूढ संज्ञेचा गुण नाकारण्याचे कारण नाही. ती सुबोध आहे, आणि एड्ससारख्या रोगात प्रतिकार खरोखरच क्षीण होत असल्याने तेथे ती शोभतेही. तथापि सामान्य विवेचनात ‘रोगप्रतिकार यंत्रणा’ हा प्रयोग अधिक युक्त ठरतो. यंत्रणा चालते, बिघडते, आवरावी लागते; ही क्रियापदे शरीरातील व्यवहाराशी जुळतात. शास्त्रीय संज्ञा पारखताना ती कोणती क्रियापदे सोबत आणते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.